शाल, श्रीफळ आणि पगार : जिल्हा परिषदेच्या आदर्श शिक्षक पुरस्कारामागचा इतिहास

सप्टेंबर उजाडला की वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक ठरलेली बातमी येते : जिल्हा परिषदेचे आदर्श शिक्षक पुरस्कार जाहीर. तालुक्याला साधारण एक नाव, शेजारी पासपोर्ट आकाराचे फोटो, खाली सभापतींच्या शुभेच्छा. नाहीतर उलट बातमी येते : यादी विभागीय आयुक्तांकडे मंजुरीसाठी अडकली, शिक्षक दिन कोरडाच गेला. ही दुसरी बातमीही पहिलीइतक्याच नेमाने येते. कधी निवडणुकीची आचारसंहिता आडवी येते, कधी प्रस्तावच पुरेसे येत नाहीत म्हणून मुदत वाढते, आणि ५ सप्टेंबरचा सत्कार दिवाळीनंतर किंवा मागच्या वर्षाच्या सत्काराबरोबर एकदमच उरकला जातो.

शिक्षकाला शाल द्यायला आयुक्तांची सही कशाला लागते, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. त्याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं. सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा मान आणि त्याचा पगार हे दोन हिशेब आपल्याकडे पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि मान द्यायला राज्यकर्ते नेहमी पगारापेक्षा लवकर तयार झाले आहेत.

पेशवाईत विद्वानांना श्रावणात दक्षिणा वाटली जाई. १८१८ला राज्य गेलं, पण इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. त्याच निधीतून १८२१मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. जुन्या दरबारचा सन्मान नव्या सरकारच्या शिक्षणखर्चात मुरला तो असा.

याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८पासून पुण्यात मुलींच्या शाळा चालवल्या होत्या, त्याची ती सरकारदरबारी दखल. आज तालुक्याच्या सभागृहात खांद्यावर शाल पडते त्या रिवाजाचा उगम थेट इथेच दाखवण्याचा मोह मी टाळतो, कारण शाल देण्याची पद्धत त्याहून पुष्कळ जुनी आहे. पण इंग्रजी अमलात शाळा चालवण्याच्या कामासाठी पुण्यात झालेला हा ठळक सत्कार, एवढं नक्की म्हणता येतं.

या गोष्टीचा पुढचा भाग सत्काराच्या भाषणांत सहसा येत नाही. तीस वर्षांनी, ऑक्टोबर १८८२मध्ये, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे निवेदन देताना याच जोतीरावांनी शालजोडीचा उल्लेख ओझरताच केला. मागणी केली ती पगाराची. प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाहीत असे. जास्त मुलं उत्तीर्ण करणाऱ्या गावच्या मास्तराला उत्तेजन म्हणून पगाराशिवाय खास भत्ता द्यावा. कामगिरीबद्दल शिक्षकाला वेगळं काही द्यावं हा विचार आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे मांडलेला मला याआधी आढळत नाही, आणि तो मांडताना त्यांच्या मनात रोख रक्कम होती.

त्याच निवेदनात आणखी एक सूचना आहे, ती आज वाचताना हसावं की रडावं कळत नाही. गावात मास्तराची पत वाढावी म्हणून त्याला गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल किंवा स्टँपविक्री अशी कामं जोडून द्यावीत, असं जोतीराव सुचवतात. हेतू सरळ होता : कुलकर्ण्याच्या हातातली लेखणी थोडी तरी मास्तराच्या हाती यावी. पुढे लेखणी आली, पण जनगणना, मतदारयाद्या, निवडणूक आणि पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब घेऊन आली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक वगळता बाकीची अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं म्हटलं आहे. ऑनलाइन माहिती भरणं त्यात मोडतं की नाही, यावर कुठल्याही केंद्रशाळेत तासभर चर्चा ऐकायला मिळेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावच्या मास्तराचं भवितव्य ठरवणारा माणूस म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, लोकांच्या तोंडी ‘दिपोटी’. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवली जाई, मुलांना धुतलेले कपडे घालायला लागत. परीक्षा घेऊन तो शाळेच्या वहीत शेरा लिही, त्यावर मास्तराची बढती अवलंबून असे. गावाला त्यात विचारत नसत, पण पैसा गावाचाच होता : शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड, म्हणजे स्थानिक कामांसाठीचा कर, वसूल होई आणि त्यातला एक तृतीयांश शिक्षणासाठी राखलेला असे. फुल्यांची तक्रार हीच, की पैसा शेतकऱ्याचा आणि शाळा भलत्यांच्याच.

शाळांच्या बातम्या शाळांपर्यंत पोचवण्याची सोयही याच काळातली. सरकारी शिक्षणखात्याचं ‘मराठी शालापत्रक’ १८६१मध्ये निघालं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ते चालवलं, नंतर विष्णुशास्त्र्यांनी. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं ‘जीवन शिक्षण’ मासिक आपली परंपरा त्या पत्रकापर्यंत नेतं. आजच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर परिपत्रकं, अभिनंदनं आणि निवृत्तीच्या शुभेच्छा एकाखाली एक पडतात, त्याला एवढे जुने पूर्वज आहेत.

शाळेचा मालक बदलत गेला तो कायद्यांनी. विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने १९१८चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला, १९२३च्या कायद्याने कारभार स्थानिक मंडळांच्या स्कूल बोर्डांकडे गेला, १९४७च्या कायद्याने त्या बोर्डांची पुन्हा घडी बसवली. मग वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१चा अधिनियम आला आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शिक्षण सभापती नावाचं पद आलं, आणि गुरुजींची बदली, नेमणूक, कौतुक हे सगळं निवडून आलेल्या माणसांच्या हाताजवळ आलं.

हा बदल फार मोठा होता. दिपोटीला गुरुजींच्या मताची गरज नव्हती, सभापतीला होती. त्या काळी गावात मतदाराला शब्द टाकू शकणारी माणसं मोजकी असत, त्यात गुरुजी एक. जिल्हा पुरस्कार या हवेत वाढला, त्यामुळे ‘कुणाचा माणूस’ ही कुजबुज त्याला सुरुवातीपासूनच चिकटलेली आहे. निवड समितीची यादी विभागीय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय अंतिम होत नाही, ती तरतूद या कुजबुजीवरचा उतारा आहे. उताऱ्याने रोग किती हटला यावर वाद आहे. उशीर मात्र दरवर्षी होतो.

राष्ट्रीय पातळीवर शिक्षकांना पुरस्कार १९५८पासून सुरू झाले, आणि डॉ. राधाकृष्णन राष्ट्रपती झाल्यावर १९६२पासून ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन झाला. राज्य आणि जिल्हा पुरस्कारांनी तीच तारीख धरली. याच सुमारास सातारा जिल्ह्यात वेगळ्या वळणाचं काम चाललं होतं. १९५९मध्ये तिथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. रात्रीच्या वर्गात प्रौढांना अक्षरओळख करून द्यायची, बरंचसं काम गावच्या प्राथमिक शिक्षकांनीच करायचं. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. सत्कार गावाचा, एकट्या गुरुजींचा नव्हे. आणि त्यात नुकते वाचायला शिकलेले म्हातारेकोतारे लोकांसमोर उभे राहून वाचून दाखवत. मोहीम राज्यभर पसरली आणि नंतर ओसरली. गुणगौरवाचा हा प्रकार पुढे पुरस्कारांच्या नियमावलीत शिरला असता तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे.

नियमावलीत शिरली ती वेतनवाढ. राज्य पुरस्कार मिळालेल्या शिक्षकाला दोन आगाऊ वेतनवाढी, जिल्हा पुरस्काराला एक, अशी पद्धत होती. रक्कम फार नसे, पण मूळ वेतनातच मिळत असल्याने ती महागाई भत्त्यात वाढे आणि थेट निवृत्तिवेतनापर्यंत पोचे. सहाव्या वेतन आयोगानंतर हा लाभ थांबला. राज्य पुरस्कारासाठी त्याऐवजी एकरकमी रोख बक्षीस आलं; जिल्हा पुरस्कारवाल्यांच्या वाट्याला बऱ्याच ठिकाणी सन्मानचिन्ह, शाल आणि श्रीफळ एवढंच उरलं. पुरस्कारप्राप्त शिक्षक न्यायालयांत गेले, संघटनांच्या मागण्यांच्या यादीत हा मुद्दा कायमचा जाऊन बसला. राज्य पुरस्काराला अलीकडे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार असं नाव मिळालं आहे.

निवड कशी होते ते पाहायचं तर प्रस्तावाची फाईल उघडायला हवी. स्पायरल बाइंडिंग केलेली, दोनशे-अडीचशे पानांचीही असते. पुढे सेवेचा तपशील, मागच्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल, चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला. मग शिष्यवृत्तीला बसलेली आणि पास झालेली मुलं, पटनोंदणी, लोकसहभागातून किती रुपये जमवले, किती झाडं लावली. शेवटी फोटो आणि कात्रणं : वृक्षारोपण करताना, गणवेश वाटताना, रंगवलेल्या भिंतीसमोर पालकांबरोबर. प्रत्येक कात्रणाखाली केंद्रप्रमुखांचा शिक्का. ही फाईल स्वतः शिक्षकानेच बनवायची असते. त्यामुळे वर्गात उत्तम शिकवणारे पण कागदाचा कंटाळा असलेले कितीतरी गुरुजी आणि बाई या वाटेला जातच नाहीत. ‘मीच माझं कौतुक लिहून साहेबांकडे देऊ?’ हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी निघतो.

राष्ट्रीय पुरस्काराने २०१८मध्ये ही रीत आणखी पुढे नेली. राज्यांनी शेकड्यांनी नावं पाठवण्याची पद्धत जाऊन शिक्षकाने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा असं ठरलं, आणि तीनशेहून अधिक असलेली पुरस्कारांची संख्या त्या वर्षी ४५वर आली. निवड कडक झाली यात शंका नाही. पण इंग्रजीत सादरीकरण करू शकणाऱ्याचं पारडं जड होतं, ही वस्तीशाळेतल्या शिक्षकाची तक्रारही खोटी नाही.

डिसेंबर २०२०मध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडी शाळेच्या रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, तेव्हा जिल्हा परिषदेचा शिक्षक जगाच्या बातम्यांत आला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं त्यांचं काम बालभारतीने त्याआधीच उचललं होतं. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. पुढे दीड-दोन वर्षांतच रजेच्या प्रश्नावरून त्यांच्यात आणि प्रशासनात वाद झाल्याच्या बातम्या आल्या, राजीनाम्यापर्यंत गोष्ट गेली. कोण बरोबर हे ठरवण्यात मला रस नाही. जगभर गाजलेल्या माणसालासुद्धा रजेचा अर्ज मात्र गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फतच द्यावा लागतो, एवढं त्यातून दिसतं.

गावाची स्वतःची पद्धत या सगळ्याबाहेर चालू असते. गुरुजींची बदली झाली की वर्गणी निघते, बाईंना साडी, गुरुजींना कपडे, शाळेच्या ओट्यावर निरोप समारंभ, भाषणांपेक्षा रडणंच जास्त. बदल्या ऑनलाइन झाल्यापासून, म्हणजे २०१७च्या धोरणानंतर, हे निरोप एकगठ्ठा येतात. क्वचित एखादं गाव ऐकत नाही. ग्रामसभेचा ठराव होतो, शाळेला कुलूप लागतं, आमचे गुरुजी परत द्या म्हणून निवेदन घेऊन माणसं पंचायत समितीत जातात. निवेदनावर आवकचा शिक्का पडतो आणि साहेब समजावून सांगतात, की बदली आता आमच्या हातात नाही, ती वरून संगणकाने केलेली आहे.