नॅरोबोट आणि ब्रिटनचे अरुंद कालवे

नॅरोबोट ही इंग्लंड-वेल्समधल्या अरुंद कालव्यांसाठी घडवलेली लांबट, सपाट बुडाची नौका. रुंदी जेमतेम ७ फूट, लांबी मात्र ७०-७२ फुटांपर्यंत. अठराव्या शतकात ती कोळसा आणि माती वाहायला आली. आज लोक ती सुट्टीसाठी भाड्याने घेतात आणि हजारो जण तिच्यात कायमचे राहतातही. ती मागे का पडली आणि पुन्हा कशी वर आली, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्या सात फुटी रुंदीपाशी येऊन थांबतात.

आपल्याकडचे नीरा किंवा मुठा कालवे शेतीला पाणी पोचवतात, म्हणून त्यांना सतत उतार लागतो. नौकांच्या कालव्यात पाणी जवळपास स्थिर असावे लागते. वाटेत डोंगर आला की कालवा त्याला वळसा घालतो, बोगद्यातून जातो किंवा पायरीपायरीने चढतो. या पायरीला लॉक म्हणतात. लॉक म्हणजे विटांची वा दगडांची बांधीव कोठी, दोन्ही टोकांना दरवाजे. वर जाणारी नौका रिकाम्या कोठीत शिरते, मागचे दरवाजे बंद होतात आणि काठावरचा माणूस विंडलास नावाच्या हँडलने वरच्या बाजूची झडप उचलतो. पाणी उसळून आत येते, नौका पुढे-मागे ओढली जाते, आणि सुकाणू धरणाऱ्याने तिला इंजिनाच्या जोरावर जागेवर राखायचे असते. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत कितीही जोर लावला तरी दरवाजा हलत नाही. ती जुळली की दरवाज्याच्या लांब तुळईला पाठ लावून रेटायचे. तो सावकाश उघडतो. उतरताना मात्र फार जपावे लागते. वरच्या दरवाज्यालगत पाण्याखाली उंबरा असतो. नौकेचा मागचा भाग त्यावर टेकला आणि पाणी उतरत राहिले, तर ती पुढे झुकून बुडते. म्हणून कोठीच्या काठावर उंबऱ्याची पांढरी खूण केलेली असते आणि नौका तिच्या पुढेच ठेवतात.

या कालव्यांच्या युगाची सुरुवात सहसा १७६१ पासून धरली जाते. त्या वर्षी ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने वर्स्ली इथल्या आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे नेणारा कालवा सुरू केला. व्यवस्थापक जॉन गिल्बर्ट आणि कारागिरीतून वर आलेला अभियंता जेम्स ब्रिंडली यांनी तो अर्वेल नदीवरून चक्क जलसेतूने पलीकडे नेला. मँचेस्टरमधला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग कुंभारकामातला मोठा उद्योजक जोसाया वेजवूड ट्रेंट-मर्सी कालव्यामागे उभा राहिला, कारण खडबडीत रस्त्यांवरून नेताना त्याची भांडी फुटत होती. १७६६ मध्ये मंजूर झालेला हा कालवा १७७७ मध्ये पुरा झाला. ब्रिंडली त्याआधीच, १७७२ मध्ये वारला होता.

याच कालव्यावर ब्रिंडलीने सात फुटांपेक्षा किंचित रुंद लॉकचे माप ठरवले. वाटेत हेअरकॅसलच्या टेकडीतून अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणायचा होता. शिवाय लॉक अरुंद असले की पाणी कमी लागते आणि बांधकामाचा खर्चही वाचतो. मिडलँड्समधल्या (मध्य इंग्लंडमधल्या) पुढच्या कालव्यांनी बहुतांशी हेच माप उचलले. त्या बोगद्यात घोड्याला वाट नव्हती, तेव्हा माणसे नौकेवर उताणी पडून भिंतींना पाय लावत नौका पुढे ढकलत. उघड्यावर मात्र एक घोडा काठावरून दोर ओढत पंचवीस-तीस टन माल नेई. १७९० च्या दशकात कालव्यांच्या शेअरांसाठी अक्षरशः झुंबड उडाली. टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांचा वेल्समधला पाँटकसिख्ते जलसेतू १८०५ मध्ये पुरा झाला. डी नदीच्या सुमारे ३८ मीटर वर, अठरा दगडी खांबांवरच्या बिडाच्या पन्हळीतून आजही नौका जातात. २००९ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे.

१८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि काटकसरीने ठरवलेले ते माप महागात पडू लागले. युरोपात पुढे कालवे रुंद करून मोठ्या मालनौका आणता आल्या. इथे प्रत्येक लॉक, पूल आणि बोगदा नव्याने बांधावा लागला असता. मग खर्च कापला गेला तो माणसांच्या जगण्यातून. घरभाडे आणि मजुरी वाचवण्यासाठी नावाड्यांनी बायकामुलांसह नौकेवरच बिऱ्हाड केले. सुमारे दहा फुटांच्या केबिनमध्ये दाराशी चूल, शेजारी फडताळ (त्याचे खाली पाडलेले दार हेच टेबल) आणि रात्री आडवा उघडायचा पलंग. मुलेही लहान वयापासून कामाला लागत. सतत प्रवासामुळे शाळा बुडे आणि अनेकांना अक्षरओळखही होत नसे. समाजसुधारक जॉर्ज स्मिथच्या पाठपुराव्यामुळे १८७७ च्या कायद्याने नौकांची नोंदणी आणि त्यांतल्या राहणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आली. त्याच केबिनच्या दारांवर आणि पाण्याच्या डब्यांवर या लोकांनी गुलाब आणि किल्ले रंगवले. ब्रिटनच्या लोककलेत मला याहून जिवंत काही दिसत नाही. ही कला हौशी सजावट म्हणून पाहू नये. दहा फुटांत संसार मांडणाऱ्यांचा तो स्वाभिमान होता.

१९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारी झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात ते आठवडेच्या आठवडे गोठले आणि उरलीसुरली मालवाहतूक कोलमडली. लंडनजवळच्या साउथॉलमधल्या जॅमच्या कारखान्याला कोळसा पोचवणाऱ्या फेऱ्या १९७० मध्ये थांबल्या. नियमित लांब पल्ल्याची ती शेवटची मोठी वाहतूक मानतात.

कालवे वाचवले ते सामान्य माणसांनी, याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही. टॉम रोल्ट याने पत्नीसह ‘क्रेसी’ या नौकेवर केलेल्या प्रवासावरचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ मध्ये आले. ते वाचून रॉबर्ट आइकमनने त्याच्याशी संपर्क साधला आणि १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही कालवे वाचवण्यासाठी झटणारी संस्था स्थापन झाली. स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी गाळ उपसू लागले. स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग १९६४ मध्ये पुन्हा खुला झाला, तेव्हा खोऱ्या-फावड्यांचे काम करणाऱ्यांत तुरुंगातले कैदीही होते. केनेट-एव्हन कालवा १९९० मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यावर डिव्हायझेस गावापाशी २९ लॉक आहेत, पैकी १६ एका सरळ रेषेत टेकडी चढतात.

मालवाहतुकीला अपुरे ठरलेले माप सहलीला मात्र नेमके बसले. दोन माणसे नौका आणि लॉक दोन्ही सांभाळू शकतात आणि सुट्टीसाठी भाड्याने घेताना चालवण्याचा परवाना लागत नाही. वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे भराभर चालण्याइतकीच. प्रवास आखताना एक लॉक म्हणजे एक मैल धरतात आणि तासाला असे तीन. उजव्या बाजूने चालायचे, बांधलेल्या नौकांजवळून जाताना वेग आणखी कमी करायचा, हा शिष्टाचार.

२०१२ पासून इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्गांचा कारभार कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था पाहते. तिच्या जलमार्गांवर तीस हजारांहून जास्त नौका आहेत. ज्यांना कायमचा धक्का नाही, त्यांना सहसा १४ दिवसांच्या आत जागा बदलावी लागते. लंडनची घरभाडी न परवडणारे अनेक जण असे राहतात. २०२४ पासून त्यांच्या नौकांच्या परवान्यावर अधिभारही लागला. सरकारी अनुदान २०२७ पासून दरवर्षी घटणार आहे. दुसरीकडे पाण्याची टंचाई वाढते आहे: अरुंद लॉकमधून एकदा जाताना लाखभर लिटर पाणी खालच्या टप्प्यात उतरते, आणि कोरड्या उन्हाळ्यात जलाशय खालावले की काही लॉकना कुलूप घालावे लागते.