टेस्ट बटण कुठून आलं: ईएलसीबी, आरसीसीबी आणि आपली कामाची ठिकाणं

गोव्यात वेर्ण्याच्या नाहीतर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही शेडमधल्या डीबीचं, म्हणजे विजेच्या वाटणीच्या पेटीचं झाकण उघडा, एमसीबींच्या (जादा करंटला उडणाऱ्या छोट्या स्विचांच्या) रांगेत एक जरा रुंद स्विच दिसतो आणि त्यावर छोटंसं टेस्टचं बटण. करंट जमिनीत गळायला लागला की सप्लाय तोडणारा हा स्विच. वायरमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्याला ईएलसीबी (अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर) म्हणतात, दुकानात पण तेच नाव चालतं, पण हातात येतो तो आरसीसीबी (रेसिड्युअल करंट सर्किट ब्रेकर). हा नावाचा घोळ उगाच नाही झालेला. हे दोन वेगळे स्विच, वेगळ्या काळातले, आणि ते बटण अधूनमधून का दाबायचं हे समजायला दोघांची गोष्ट माहीत हवी, म्हणून जरा मुळापासून लिहितो.

जुना ईएलसीबी व्होल्टेजवर चालायचा. मशीनची बॉडी आणि जमिनीतला अर्थ यांच्यामध्ये एक कॉईल, बॉडीवर साधारण 50 व्होल्ट चढले की कॉईल खेचून सप्लाय तोडणार. पण सगळा भार त्या एका अर्थिंगच्या वायरवर. वायर तुटली की संपलं. मशीनला पाण्याच्या पाइपातून किंवा शेडच्या लोखंडातून दुसरीकडे अर्थ मिळाला की करंट कॉईलला बगल देऊन तिकडून जाणार, आणि माणसाचा हात थेट उघड्या फेजला लागला तर त्या स्विचला पत्ताच नाही. त्यात आपल्याकडे चिऱ्याचा सडा, एप्रिल-मेमध्ये जमीन अशी सुकते की अर्थ पिटात, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतल्याशिवाय रीडिंग जागेवर येत नाही, म्हणजे फक्त अर्थिंगच्या जिवावर चालणारा स्विच इथे किती कामाचा ते बघा.

यातून वाट काढली ती करंट मोजून. फेज आणि न्यूट्रल (करंट नेणारी आणि परत आणणारी वायर) दोन्ही एकाच गोल कोअरमधून, म्हणजे चुंबकीय कड्यातून न्यायचे, गेला तेवढाच करंट परत आला तर कोअर शांत, आणि थोडासा जरी माणसातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला तर फरक पडतो आणि स्विच उडतो. कल्पना जुनीच, पण आधीचे स्विच उडायला 10 अँपिअरच्या आसपासचं लीकेज लागायचं, तेवढ्यात माणूस कधीच गेलेला. 1955 मध्ये दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन नावाच्या इंजिनिअरने तिथल्या सोन्याच्या खाणींसाठी 525 व्होल्टवर चालणारा आणि 250 मिलीअँपिअरला उडणारा स्विच बनवला आणि पुढच्याच वर्षी त्याहून कितीतरी नाजूक, 20 मिलीअँपिअरच्या आतला. स्टिलफाँटेन नावाच्या खाण वस्तीत घरात शॉक लागून एक बाई गेली, त्यानंतर तिथल्या काही घरांत हे 20 मिलीअँपिअरचे स्विच बसवले. डिचोली-सांगे भागात ज्यांच्या घरची माणसं खाणींवर नाहीतर बार्जवर कामाला होती त्यांना हे वेगळं सांगायला नको, ओल, चिखल, ओढत नेलेल्या केबली आणि अनवाणी पाय. हा स्विच अशाच जागेसाठी जन्मला.

तिकडे अमेरिकेत बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डालझिएल माणसाला शॉक लागतो तेव्हा नक्की काय होतं हे मोजत होते. वायर धरलेला हात स्वतःहून सोडता येतो तो करंट पुरुषांमध्ये सरासरी 16 मिलीअँपिअर आणि बायकांमध्ये साडेदहा, त्याच्या वर गेला की मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. हे आकडे वाचून मला दरवेळी कसंतरी होतं. डालझिएलनी 1961 मध्ये 5 मिलीअँपिअरला उडणारा स्विच केला, अमेरिकेत आजही तेच धोरण. बाकी जगाने 30 मिलीअँपिअर धरला, हात सुटला नाही तरी हृदयाची लय बिघडायच्या आत सप्लाय तुटला पाहिजे असा त्यामागचा हिशेब. म्हणून करंटइतकाच वेळ पण महत्त्वाचा. आपल्या आयएस 12640 या भारतीय मानकाप्रमाणे साधा 30 मिलीअँपिअरचा स्विच 30 ला 300 मिलीसेकंदात आणि पाचपट करंटला 40 मिलीसेकंदात उडायलाच हवा.

आता बटण. या स्विचच्या आत एक बारीक रिले असतो, लोहचुंबकाने धरून ठेवलेला, त्याचे दोन पृष्ठभाग आरशासारखे घासलेले. कोअरमधून आलेला इवलासा करंट चुंबकाची पकड सैल करतो आणि स्प्रिंग सुटते. एवढ्या कमी ताकदीवर चालणारी वस्तू वर्षानुवर्षं हलवलीच नाही तर ओल, धूळ, घट्ट झालेलं ग्रीस यांनी ती चिकटते, आणि आपल्याकडे तर समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस. बटण दाबलं की एका रेझिस्टरमधून थोडा करंट कोअर चुकवून जातो, म्हणजे मुद्दाम केलेलं लीकेज, स्विच उडतो आणि आतले भाग मोकळे पण होतात. इटलीत वापरातल्या अशा स्विचांच्या तपासण्या झाल्या त्यात सरासरी 7 टक्के स्विच निकामी निघाले, आणि जिथे बटण नेमाने दाबलं जायचं तिथे प्रमाण 3 टक्क्यांच्या आत.

नियमांची गोष्ट मात्र वेगळ्या गतीने चालली. विजेचा 1910 चा कायदा, त्याखाली 1956 चे नियम, गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला त्यानंतर इथेही तेच आले. त्या नियमांत पुढे 61-ए कलमाने मोठ्या जोडण्यांना लीकेजचा स्विच सक्तीचा झाला. 2003 चा नवा कायदा, 2010 ची सुरक्षा विनियमावली, आता 2023 ची, स्विचची सक्ती कायम. पण 1956 पासून इन्स्टॉलेशनच्या तपासणीची मुदत बघाल तर जास्तीत जास्त पाच वर्षं. पाच वर्षं म्हणजे पाच पावसाळे! बहुतेक कंपन्या महिन्यातून एकदा बटण दाबा असं सांगतात. ब्रिटनमध्ये डीबीवर लेबलच लावावं लागतं, आधी तीन महिन्यांनी दाबा असं होतं, 2018 पासून सहा महिने. ऑस्ट्रेलियात तर बटण दाबणं आणि मीटर लावून वेळ मोजणं या दोन वेगळ्या तपासण्या, दोघांचं वेळापत्रक वेगळं. मला हेच सगळ्यात पटतं. आपण स्विच घेतला पण त्याच्याबरोबर ही सवय घेतली नाही.

काही वर्षांपूर्वी मी होतो त्या शेडमध्ये जूनमध्ये फरशी धुताना पंपाला हात लावलेला हेल्पर ओरडला, बाब, करंट मारता! रबरी चपलांमुळे वाचला, हात झटकला गेला. मी धावत डीबीकडे गेलो, बटण दाबलं, काही नाही. अंगठा दुखेपर्यंत दाबलं, तरी काही नाही. मग लिव्हर हाताने तीन-चार वेळा खालीवर केली आणि पाचव्या वेळी बटण दाबल्यावर खट्कन उडाला. स्विच जळला नव्हता, बसवल्यापासून कोणी हलवलाच नव्हता म्हणून जाम झाला होता. मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये मेगरचे (वायरच्या इन्सुलेशनच्या तपासणीचे) रकाने होते, अर्थ पिटचे होते, याचा रकानाच नव्हता.

लोक का दाबत नाहीत तेही मला माहीत आहे, बटण दाबलं की लाइन जाते, कॉम्प्युटर बंद पडतात, ड्राइव्हवाली मशीन परत सेट करायला अर्धा तास. आणि पावसात जरा लीकेज वाढून स्विच सारखा उडायला लागला की सरळ बायपास करून डायरेक्ट करतात, हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय आणि दरवेळी भांडलोय.

त्या जूननंतर आम्ही रकाना आखला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी बटण आणि वर्षातून एकदा टेस्टर, म्हणजे मोजून लीकेज सोडणारा मीटर, आधी निम्म्या करंटला उडत नाही ना ते बघायचं, मग 30 ला, मग पाचपटीला. टेस्टरच्या पहिल्याच फेरीत कँटीनचा स्विच बटणाला झटकन उडाला आणि मीटरने 30 मिलीअँपिअर सोडले तेव्हा जागचा हलला नाही. बटणातून 30 पेक्षा जास्त करंट जातो, अडीचपटीपर्यंत चालतो, म्हणून तो बटणाला पास होत होता. त्याच लाइनवर चहाचा बॉयलर होता. कँटीनवाल्याला त्या दिवशी चहा गॅसवर करायला सांगितला आणि दुपारी मडगावहून नवीन स्विच आणून बसवला, 30 ला 24 मिलीसेकंद, रजिस्टरमध्ये नोंद आहे.