पाच फेऱ्यांत एक बार: स्टाफ नोटेशन छापणाऱ्या सुरुवातीच्या प्रोग्रामांची पार्श्वभूमी

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच आडव्या रेघांवर (पंचरेषेवर) लिहिलेले पाश्चात्त्य स्वरलेखन, छापताना खरी कसोटी लागते ती मोकळ्या जागेची. चिन्हे काढणे त्या मानाने सोपे. जर्मनीतील लायप्झिगचे एनग्रेव्हर, म्हणजे नोटेशन कोरणारे कारागीर, कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर पाच दातांच्या हत्याराने पंचरेषा ओढत. क्लेफ (कोणत्या रेघेवर कोणता स्वर ते ठरवणारी खूण), शार्प (स्वर चढवणारी खूण) आणि नोटांची डोकी पोलादी पंचांनी, म्हणजे ठशांनी, ठोकत, बीम (नोटांच्या दांड्या जोडणारी जाड रेघ) आणि स्लर (नोटा सलग वाजवायला सांगणारी वक्र रेघ) कोरणीने कापत. तेही सगळे आरशातल्यासारखे उलटे. पहिला पंच ठोकण्याआधी मात्र अख्ख्या ओळीची आखणी झालेली असे. हाफ नोट क्वार्टर नोटेच्या दुप्पट वेळ वाजते, म्हणून तिला जागाही दुप्पट दिली तर ओळ भोके पडल्यासारखी दिसते. साधारण दीडपट जागा पुरते. समोर शार्प आला किंवा खाली गाण्याचे लांब अक्षर आले की तेही गणित बदलते. हा अंदाज कारागिराच्या हातात असे, संगणकाला तो आकड्यांत सांगावा लागला.

हिंदुस्थानी संगीताच्या भातखंडे लिपीत ही अडचण इतकी टोकाला जात नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राला खाली आणि तारसप्तकाला वर टिंब, आणि मात्रा रकान्यांत, एवढे खिळ्यांच्या जुळणीतही बसते. स्टाफ नोटेशनमध्ये उंची स्वर सांगते, आकार कालावधी सांगतो आणि दोन्ही एकाच चिन्हात असतात.

१९६१ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि रॉबर्ट बेकर यांनी संगीताची चिन्हे असलेला म्युझिकरायटर हा टाइपरायटर संगणकाला जोडला. कळ ठरावीक आकार उमटवते. स्लरची लांबी आणि वाक मात्र दर वेळी वेगळे, त्यामुळे ही वाट मर्यादितच राहिली. १९६३ पासून स्टीफन बाऊअर-मेंगेलबर्ग यांनी डार्म्स ही संकेतपद्धत घडवली. तिच्यात पंचरेषेतली तळाची रेघ २१, त्यावरची मोकळी जागा २२, असे करत वरची रेघ २९. म्हणजे पंचकार्डावर संकेत भरणाऱ्याला स्वराचे नाव माहीत नसले तरी चाले, नोट कुठे दिसते तेवढे पुरे.

लीलंड स्मिथ यांनी स्टॅनफर्डमध्ये याच विचाराला पूर्ण रूप दिले. त्यांचा स्कोअर हा प्रोग्राम १९६७ च्या सुमारास सुरू झाला तो छपाईसाठी नव्हे, तर संगणकाकडून ध्वनी निर्माण करून घेताना स्वर भरण्यासाठी. सत्तरच्या दशकात त्याला छपाईची जोड मिळाली. प्लॉटरवर (संगणकाच्या हुकमाने रेघा काढणाऱ्या यंत्रावर) पान मोठ्या आकारात काढून फोटोने लहान केले की रेघांचा खडबडीतपणा झाकला जाई. १९७९ चे स्मिथ यांचे हार्मनी विश्लेषणावरचे पुस्तक असेच तयार झाले.

स्कोअरमध्ये पानावरची प्रत्येक वस्तू ही आकड्यांची एक ओळ असते. समजा ओळ आहे: १, १, २४.५, ७, २०, ०, १. पहिला आकडा सांगतो की ही नोट आहे. दुसरा, ती पहिल्या पंचरेषेवर आहे. डावीकडून अंतर २४.५, पंचरेषेची पूर्ण रुंदी २०० मानलेली. ७ म्हणजे मधली रेघ, कारण तळाची रेघ ३ धरतात. २० म्हणजे दांडी खाली, शार्प किंवा फ्लॅट (स्वर उतरवणारी खूण) काही नाही. शून्य म्हणजे नेहमीचे काळे डोके, शेवटचा १ म्हणजे क्वार्टर नोटेचा कालावधी.

हे आकडे हाताने लिहीत बसावे लागत नाही. मजकूर पाच फेऱ्यांत भरतात: स्वर, लय, खुणा, बीम, स्लर. सहा नोटांचा चार-चारचा (चार क्वार्टर नोटांएवढा) बार, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला तुकडा, घ्या. पहिल्या फेरीत क्लेफ, की (कोणते स्वर कायम चढे किंवा उतरे ते सांगणारी खूण), चार-चार, सहा स्वर आणि बाररेघ. दुसऱ्या फेरीत क्वार्टर, एट्थ (क्वार्टरच्या निम्मी), एट्थ, क्वार्टर, एट्थ, एट्थ. तिसरीत स्टॅकाटोसारख्या (नोट तोडून वाजवायला सांगणाऱ्या) खुणा. चौथीत २-३ आणि ५-६ या जोड्या, पाचवीत १ ते ३ असा स्लर. बीम आणि स्लर नोटेच्या क्रमांकावर चालतात, म्हणून मोजताना एक नोट सुटली की पुढच्या सगळ्या बीम एकेक नोट सरकतात. लांब ओळीत ही चूक हमखास होते, तेव्हा छोटे तुकडे भरणे शहाणपणाचे. त्यानंतर एलजे ही आज्ञा सगळ्या पंचरेषांवरच्या एकाच क्षणाच्या नोटा एका उभ्या रेषेत आणते आणि ओळ उजव्या कडेपर्यंत ताणते.

स्लरचे टोक केसभर हलवायचे तर त्याचा आकडा बदला, बाकी काही हलत नाही. कोरलेल्या पत्र्याच्या तोडीची पाने स्कोअरमधून निघाली ती यामुळेच, असे आमचे ठाम मत आहे. पण ७ ही फक्त उंची आहे. ट्रेबल क्लेफ काढून बास क्लेफ ठेवला तर नोट जागची हलत नाही, आणि वाचणारा वेगळाच स्वर वाचतो. शिवाय एका पानाची एक फाईल. मध्ये चार बार घुसवले की पुढची पाने पुन्हा मांडा.

१९८० मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात जॉन मॅक्सवेल आणि सेव्हरो ऑर्नस्टाइन यांनी मॉकिंगबर्ड केला. त्यात कीबोर्डवर वाजवलेले पडद्यावर येई आणि माऊसने दुरुस्त करता येई, पण तो चाले डोराडो नावाच्या महागड्या प्रायोगिक यंत्रावर. पुढे अडोबीसाठी क्लिओ हगिन्स यांनी सोनाटा हा संगीतचिन्हांचा फाँट काढला आणि लेझर प्रिंटरला तयार क्लेफ मिळाले. १९८७ मध्ये स्कोअर साध्या पीसीवर विक्रीला आला, आणि पुढच्याच वर्षी मॅकवर फिनाले. फिनालेत नोट स्वर म्हणून साठवलेली असे. क्लेफ बदलला की ती आपोआप नव्या जागी जाई.