हायस्कूलच्या लाइनवरून कॉलेजच्या संघात: ऑफेन्सिव्ह लाइनमन मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

आपला मुलगा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात ऑफेन्सिव्ह लाइनवर खेळत असेल आणि पुढे कॉलेजातही खेळण्याची त्याची इच्छा असेल, तर हे माहितीपत्रक आपण सवडीने वाचावे. न्यू जर्सीतील मराठी घरांतून अशी चौकशी पालकांना सल्ला देणाऱ्या आमच्या छोट्या कार्यालयात अलीकडे होऊ लागली आहे. चौकशीला येणारे बहुतेक आईवडील स्वतः क्रिकेट किंवा कबड्डी खेळून वाढलेले असतात आणि मुलाचा प्रत्येक सामना पाहूनही त्याने नेमके काय चांगले केले हे त्यांना सांगता येत नाही. यात त्यांचा दोष नाही. सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड आणि कडेचे दोन टॅकल असे हे पाच जण चेंडू घेऊन पळत नाहीत. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला सांभाळणे आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट मोकळी करून देणे हे त्यांचे काम असते. त्यांच्या नावावर टचडाउन (गुण मिळवणारी चाल) लागत नाही, यार्ड मोजले जात नाहीत आणि स्थानिक वर्तमानपत्रात नावही क्वचितच येते. त्यामुळे आकडे दाखवून कॉलेजच्या कोचचे लक्ष वेधण्याचा जो मार्ग इतर खेळाडूंना मिळतो, तो लाइनमनला मिळत नाही. त्याची निवड वेगळ्या पद्धतीने होते, आणि ती पद्धत समजली की निम्मा गोंधळ आणि बराचसा खर्च वाचतो.

कोच नेमके काय पाहतात

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आज किती चांगला खेळतो यापेक्षा विसाव्या-एकविसाव्या वर्षी त्याचे शरीर कसे असेल, याचा अंदाज कोच बांधत असतात. हायस्कूलमधून आलेला लाइनमन पहिल्या वर्षी बहुधा सामन्यांत उतरत नाही. व्यायामशाळा, भोजनगृह आणि सराव यांतच त्याचे एक-दोन हंगाम जातात. म्हणून सव्वासहा फुटांहून उंच, लांब हातांचा, रुंद खांद्यांचा, २५० पौंड वजनाचा आणि हलक्या पायांनी हलणारा मुलगा कोचला हवासा वाटतो, तर ३१० पौंडांचा पण गुडघ्यात न वाकता कमरेत वाकणारा मुलगा त्याच्या नजरेतून उतरतो. हातांच्या लांबीला महत्त्व असण्याचे कारण असे की समोरचा खेळाडू आपल्या छातीपर्यंत पोहोचण्याआधी आपले तळवे त्याच्या छातीवर टेकले, तर झटापट निम्मी जिंकल्यासारखी असते. उंची कमी असेल तर टॅकलऐवजी गार्ड किंवा सेंटर म्हणून विचार होतो, आणि सेंटरकडून समोरचा बचाव वाचून बाकीच्या चौघांना सूचना देण्याचीही अपेक्षा असते. उंचीत थोडे कमी पण डोक्याने तल्लख असलेल्या मुलाची जागा अनेकदा तिथेच असते.

वजन वाढवण्याच्या मागे लागून मुलाला जड करू नये, हा आमचा ठाम सल्ला आहे. ‘लाइनमन म्हणजे जाडा’ असा समज घराघरात असतो आणि आजीचा तुपाचा चमचा त्याला हातभार लावतो; पण कॉलेजच्या आहारतज्ज्ञांना हाडापेराने मोठ्या मुलाच्या अंगावर वजन चढवता येते, सुस्तावलेल्या मुलाच्या पायांत चपळाई आणणे मात्र फार कठीण असते. हिवाळ्यात कुस्ती, बास्केटबॉल आणि वसंतात गोळाफेक खेळणारा मुलगा कोचला आवडतो तो याचमुळे. ट्रिस्टन वर्फ्स हा आयोवा राज्याचा हायस्कूल कुस्तीतील सर्वांत वरच्या वजनगटाचा विजेता होता. आयोवा विद्यापीठातून तो २०२० च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू घेतात त्या वार्षिक निवडीत) पहिल्याच फेरीत निवडला गेला. ज्यांच्या घरात कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीची आठवण आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. समोरच्याच्या खाली राहायचे आणि पाय रोवून कमरेतून जोर लावायचा, ही गोष्ट दोन्हीकडे तीच आहे.

मुलगा आज लाइनवर खेळतच नसेल, तरीही दार बंद होत नाही. लेन जॉन्सन टेक्सासमधील हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅक होता, मग किलगोर या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, तिथून ओक्लाहोमा विद्यापीठात जाऊन टॅकल झाला आणि २०१३ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच ड्राफ्टमधील पहिल्या क्रमांकाचा एरिक फिशर सेंट्रल मिशिगनचा होता, ज्या विद्यापीठाचे नाव मोठ्या कॉन्फरन्सच्या (आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांच्या) यादीत नाही. जेसन केल्सी सिनसिनाटीत शिष्यवृत्तीशिवाय, वॉक-ऑन म्हणून दाखल झाला होता. ही उदाहरणे आपला मुलगा एनएफएलमध्ये जाईल असे सुचवण्यासाठी दिलेली नाहीत. बहुतेक मुले जात नाहीत आणि तो निकष धरून कॉलेज निवडणे शहाणपणाचे नाही. लाइनमन उशिरा घडतो, त्यामुळे दहावीत मिळालेल्या किंवा न मिळालेल्या ‘स्टार’वरून (खेळाडूंना दिल्या जाणाऱ्या मानांकनावरून) आशा किंवा निराशा बाळगू नये, एवढाच त्यांचा अर्थ.

घरापासून अर्ध्या तासावरचे तीन दरवाजे

कॉलेज फुटबॉलच्या पायऱ्या (कॉलेज-खेळांची नियामक संस्था एनसीएए त्यांना डिव्हिजन एक, दोन, तीन म्हणते) समजून घेण्यासाठी एडिसनच्या पालकांना लांब जायला नको. शेजारच्या पिस्कॅटवेत रटगर्स आहे. ते डिव्हिजन एकच्या वरच्या गटात, म्हणजे एफबीएसमध्ये आणि बिग टेन कॉन्फरन्समध्ये खेळते. (कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना १८६९ मध्ये न्यू ब्रन्सविक इथेच रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला होता.) दक्षिणेकडे प्रिन्स्टन आहे. तेही डिव्हिजन एकमध्येच, पण एफसीएस या गटात. आणि आयव्ही लीगचे सदस्य असल्याने तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, कुटुंबाच्या आर्थिक गरजेनुसारच मदत मिळते. त्यापुढे यूइंगमध्ये द कॉलेज ऑफ न्यू जर्सी आहे, जे डिव्हिजन तीनमध्ये खेळते. तिथेही खेळाची शिष्यवृत्ती नाही, मात्र गुणांवर आणि गरजेवर मदत मिळू शकते. डिव्हिजन दोन आणि एनएआयए (कॉलेज-खेळांची वेगळी संघटना) या गटांत शिष्यवृत्ती असते, पण ती बहुधा तुकड्यातुकड्यांत वाटली जाते. एमआयटीचा फुटबॉल संघ डिव्हिजन तीनमध्ये आहे, हे ऐकून आमच्याकडे आलेले वडील हमखास खुर्चीत पुढे सरकतात.

या तिन्ही दरवाजांवर एकदमच टकटक करावी, असे आम्ही सुचवतो. मोठ्या नावासाठी बारावीच्या नोव्हेंबरपर्यंत थांबलेल्या मुलाला मधल्या पायरीवरच्या जागा तोवर भरलेल्या आढळतात.

फिल्म आणि कॅम्प

लाइनमनचा खरा अर्ज म्हणजे त्याची फिल्म. हडल या खेळांच्या व्हिडिओंच्या संकेतस्थळावर चढवलेली ही फिल्म तीन-चार मिनिटांपेक्षा लांब नसावी आणि सर्वांत चांगले खेळ सुरुवातीलाच असावेत, कारण पहिल्या काही प्रसंगांतच पुढे पाहायचे की नाही हे कोच ठरवतात. प्रत्येक प्रसंगाच्या आरंभी आपला मुलगा कोणता हे बाणाने किंवा वर्तुळाने दाखवावे. पाच सारख्या हेल्मेटांमध्ये शोधत बसायला कोणाला वेळ नसतो. आपल्यापेक्षा निम्म्या वजनाच्या मुलाला जमिनीवर लोळवल्याचे दहा प्रसंग एकामागून एक लावण्याचा मोह मुलांना होतो. त्यापेक्षा तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याला मागे सरकत, पाय न जुळू देता रोखून धरल्याचा एक प्रसंग अधिक काही सांगून जातो. धावत पुढे जाऊन लाइनबॅकरला (मागच्या ओळीतील बचावपटूला) गाठणे, शेजाऱ्याच्या जोडीने एकाला हलवून मग दुसऱ्याकडे वळणे आणि शिट्टी होईपर्यंत न थांबणे, हे सगळे फिल्ममध्ये असावे. संगीताची गरज नाही. बहुतेक कोच आवाज बंद करूनच पाहतात. आवड निर्माण झाली की ते अख्खा सामना मागतात, म्हणून एक-दोन पूर्ण सामन्यांची फिल्म तयार ठेवावी, आणि तीही केवळ जिंकलेल्या सामन्यांची नसावी.

फिल्ममध्ये जे कळत नाही ते कॉलेजांच्या जून महिन्यातील कॅम्पमध्ये कळते. तिथे उंची, वजन आणि हातांची लांबी कोच स्वतः मोजतात, आणि मग एकास एक झुंजी लावतात. म्हणूनच आम्ही प्रत्येक मुलाची मापे आमच्या कार्यालयात, बूट काढून, स्वतः घेतो. सहा फूट तीन इंचांचा मुलगा अर्जात सहा फूट पाच इंचांचा झाला, तर कॅम्पमध्ये त्याचे दोन इंचच नव्हे, तर पुढची सगळी विश्वासार्हता जाते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: छापील शुभेच्छांसह आलेले कॅम्पचे निमंत्रण म्हणजे निवडीची खूण नव्हे. अकरावीच्या वर्षातील १ सप्टेंबरपूर्वी डिव्हिजन एकच्या कोचना खेळाडूला निवडीविषयी व्यक्तिगत पत्र पाठवता येत नाही. कॅम्पची माहितीपत्रके आणि प्रश्नावली मात्र ते कोणालाही पाठवू शकतात, आणि पाठवतातही. एका उन्हाळ्यात आठ-दहा कॅम्पांवर पैसे खर्च करण्यापेक्षा ज्या कोचने हायस्कूलच्या कोचला फोन करून मुलाची चौकशी केली आहे, अशा तीन-चार ठिकाणी जावे.

वर्गातील हिशेब

इथे आमच्या पालकांना सहसा काळजी नसते, तरीही एक गफलत वारंवार होते. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये नाव नोंदवावे लागते आणि डिव्हिजन एकसाठी सोळा ‘कोअर’ (मुख्य विषयांचे) अभ्यासक्रम पूर्ण करून त्यांत किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) मिळवावा लागतो. त्या सोळापैकी दहा बारावी सुरू होण्यापूर्वीच पूर्ण व्हावे लागतात, आणि त्या दहापैकी सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे असावे लागतात. एसएटी किंवा एसीटीचे गुण या पात्रतेसाठी २०२३ पासून लागत नाहीत. कॉलेजच्या प्रवेशासाठी मात्र लागू शकतात. गफलत होते ती भारतातून मध्येच आलेल्या मुलांच्या बाबतीत. नववी पुण्यात किंवा ठाण्यात झाली असेल, तर तिथल्या मूळ गुणपत्रिकाही त्या केंद्राला द्याव्या लागतात, आणि शाळेकडून त्या मिळवण्यात महिने जातात. हे काम दहावीतच उरकावे.

आयव्ही लीग आणि अभ्यासात कडक असलेल्या डिव्हिजन तीनच्या कॉलेजांत कोच मुलाची गुणपत्रिका बारावीपूर्वीच्या उन्हाळ्यात प्रवेश कार्यालयाकडे चाचपणीसाठी पाठवतात. तिथून होकार आला तरच पुढचे बोलणे खरे मानावे. उत्तम गुण असलेल्या लाइनमनचा खरा फायदा इथे होतो, आणि आमच्या मते मराठी कुटुंबांनी सर्वांत आधी पाहावी अशी वाट हीच आहे.

‘ऑफर’ या शब्दाचा अर्थ

आम्हाला सर्वाधिक वेळ ज्यावर खर्च करावा लागतो तो हा शब्द. तोंडी ऑफर कॉलेजला बांधत नाही, आणि मुलाने दिलेला तोंडी होकार मुलालाही बांधत नाही. कोचने ऑफर दिल्यावर एकच प्रश्न सभ्यपणे विचारावा: ‘माझ्या मुलाने आज होकार दिला, तर आपण तो स्वीकाराल का?’ यावर ‘आधी कॅम्पला या’, ‘आणखी थोडी फिल्म पाहू’ असे उत्तर आले, तर ती ऑफर नसून ओळख ठेवण्याची रीत आहे. ‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ म्हणजे संघात जागा, पण शिष्यवृत्ती नाही. पक्के काय ते सह्या झाल्यावरच, आणि सह्यांचा मुख्य काळ आता बारावीच्या डिसेंबरच्या सुरुवातीला असतो, राहिलेल्यांसाठी फेब्रुवारी. पूर्वीचे नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हे बांधिलकीचे पत्र २०२४ मध्ये बंद झाले असून आता थेट शिष्यवृत्तीच्या करारावर सही होते. तो करार एका वर्षाचा आहे की अधिक वर्षांचा, आणि दुखापत झाल्यास काय होते, हे वाचल्याशिवाय सही करू नये.

अकरावीतील १ एप्रिलपासून ‘ऑफिशियल व्हिजिट’ करता येते. तिचा खर्च कॉलेज करते आणि ती ४८ तासांपर्यंतची असते. त्या दोन दिवसांत स्टेडियमचे दिवे पाहण्याऐवजी लाइनच्या कोचबरोबर बसून गेल्या दोन वर्षांत त्याने हायस्कूलमधून किती लाइनमन घेतले आणि ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) किती, हे विचारावे. कारण आज अनेक कोच सतरा वर्षांच्या मुलाला तीन वर्षे घडवण्याऐवजी दुसऱ्या कॉलेजात घडलेला बावीस वर्षांचा लाइनमन पसंत करतात. शिवाय जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या ‘हाउस’ खटल्यातील (खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या) तडजोडीनंतर, तिच्यात सहभागी झालेल्या कॉलेजांत शिष्यवृत्त्यांची जुनी ८५ ची मर्यादा गेली आणि संघातील एकूण खेळाडूंची मर्यादा १०५ झाली. शिष्यवृत्त्या वाढू शकतात, वॉक-ऑनच्या जागा मात्र आटल्या.

त्याच तडजोडीनुसार १ जुलै २०२५ पासून कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळ मिळून प्रत्येक कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. इथे आमच्या काही ग्राहकांना विशेष सावध राहावे लागेल. पालक एच-१बी वर आणि मुलगा एच-४ किंवा पुढे एफ-१ वर असेल, तर शिष्यवृत्ती घेण्यास व्हिसाची अडचण नसते. परंतु नाव वापरू देण्याच्या बदल्यात किंवा कॉलेजच्या उत्पन्नातील वाटा म्हणून मिळणारे पैसे कामाची कमाई ठरून व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. हा प्रश्न आमचा नव्हे, इमिग्रेशन वकिलाचा आहे, आणि तो पैसे स्वीकारण्यापूर्वी विचारावा.

आमची फी आणि आमच्या मर्यादा

आम्ही ठरावीक फी घेतो आणि ती निकालावर अवलंबून नसते. मुलाला कॉलेज मिळवून देण्याच्या बदल्यात किंवा शिष्यवृत्तीच्या टक्केवारीवर पैसे घेणारी व्यक्ती एनसीएएच्या नियमांनुसार एजंट ठरते आणि त्यामुळे मुलाची खेळण्याची पात्रताच जाऊ शकते. असा सौदा कोणी सुचवला, तर तिथून उठून यावे. कोणत्याही कोचकडे आमची खास ओळख नाही. मुलाच्या वतीने आम्ही ईमेल लिहीत नाही. तो त्याने स्वतःच लिहावा, कारण कोचला संघात मुलगा घ्यायचा असतो, त्याचे आईवडील किंवा सल्लागार नव्हे. आम्ही मापे घेतो, फिल्म निवडायला मदत करतो, अभ्यासक्रमांचा हिशेब तपासतो आणि करार वाचताना आपल्या शेजारी बसतो.

पहिल्या भेटीला मुलाला सोबत आणावे. नववीपासूनच्या सर्व गुणपत्रिका, दोन पूर्ण सामन्यांची फिल्म आणि हायस्कूलच्या कोचने मुलाविषयी कोणत्या कॉलेजांना काय कळवले आहे याची नोंद बरोबर असावी. ती नोंद नसेल, तर भेटीची वेळ ठरवण्याआधी त्या कोचना भेटून यावे.