लोकप्रशासनात एम.ए. करताय? अभ्यासाआधी कागद बघा

प्रवेश सुरू झाले की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या अभ्यासिकांमधून एकच प्रश्न येतो : लोकप्रशासनात एम.ए. केलं तर अधिकारी व्हायला उपयोग होतो का? पात्रतेपुरतं बोलायचं तर काहीच नाही. एमपीएससीची राज्यसेवा असो की यूपीएससी, कुठल्याही शाखेची पदवी पुरते आणि एम.ए.चे जादा गुण मिळत नाहीत.

उपयोग आहे तो उत्तर लिहिताना. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. वैकल्पिक विषयाचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर आले आणि त्या यादीत लोकप्रशासन आहे. इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) एम.ए.त सार्वजनिक धोरण, विकेंद्रीकरण आणि स्थानिक शासन, ई-शासन, आपत्ती व्यवस्थापन असे विषय आहेत. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या कोल्हापूरच्या पोराला उदाहरण शोधायला लागत नाही. त्याला माहीत नसतं ते हे, की २००५ च्या कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो आणि सहअध्यक्ष स्थानिक स्वराज्य संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी. ही चौकट कळली की 'प्रशासनाने लक्ष द्यावे' छापाची उत्तरं बंद होतात.

नोकरी किंवा क्लास सांभाळून शिकायचं तर बहुतेक जण दूरशिक्षणाकडे वळतात. इग्नूला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात, अभ्यासक्रम किमान दोन वर्षांचा. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे विद्यापीठ अनुदान आयोगानेच (यूजीसी) सांगितलंय. फक्त विद्यापीठाचं नाव मोठं आहे म्हणून विसंबू नका. यूजीसीच्या यादीत तोच अभ्यासक्रम, त्याच सत्रासाठी आहे का ते पाहा. फोटो, सही, गुणपत्रिका अपलोड करणं हे कुणालाही जमतं.

अडतं ते डीईबी आयडीपाशी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या ओळख क्रमांकापाशी. २०२४ पासून दूरस्थ प्रवेशाला तो सक्तीचा आहे. आधी डिजिलॉकरमधून एबीसी (श्रेयांकांच्या बँकेचा) आयडी काढायचा, मग यूजीसीच्या पोर्टलवर डीईबी आयडी, मग प्रवेशअर्ज. नाव आणि जन्मतारीख आधारवरून येते. गुणपत्रिकेवर 'पाटील' आधी, आधारवर शेवटी. लग्न झालेल्या मुलींचं तर आडनावच वेगळं. शेवटच्या आठवड्यात हे लक्षात येतं आणि आधारची दुरुस्ती एका दिवसात होत नाही. अर्जाच्या आधी महिनाभर हे जुळवून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र हाताशी ठेवा.

आणि कृपा करून ईमेलच्या रकान्यात अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रवाल्याचा ईमेल भरू देऊ नका. त्याला घाई असते, त्यामुळे पासवर्डही तोच ठरवतो. सहा महिन्यांनी सत्रकार्याची (असाइनमेंटची) तारीख त्याच्या इनबॉक्समध्ये पडून असते आणि तुम्ही इग्नूला शिव्या घालत बसता.

एम.ए.च्या त्या दोन वर्षांतच परीक्षेला लागणारे दाखले उभे करा. सगळ्यात जास्त गोंधळ नॉन क्रिमिलेअरचा, म्हणजे ओबीसीसारख्या प्रवर्गात उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याचा. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची, पण त्यात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. वडील शिक्षक आहेत, पगार ९ लाख, म्हणून पोरगं अर्जच करत नाही, असं दरवर्षी दिसतं. कधी खिडकीवरूनच त्याला परत पाठवतात, तेव्हा नियम दाखवायची तयारी ठेवा. विवाहित मुलीसाठीही आईवडिलांचीच परिस्थिती बघतात, नवऱ्याचा पगार नाही. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत घाईने काढलेला एक वर्षाचा दाखला जूनमध्ये कागदाचा तुकडा असतो.

ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याचं) गणित उलटं. तिथे पगार, शेती सगळं धरतात आणि केंद्राच्या निकषात कुटुंबाची ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर अर्ज बाद. कागलकडच्या उसाच्या घरातल्यांनी सातबारा आधी पाहावा.

राज्याचा दाखला केंद्राला चालत नाही, हेही नीट समजून घ्या. यूपीएससीला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा राज्याचा प्रवर्ग, केंद्राच्या परीक्षेत तो रकानाच नाही. शाहू महाराजांनी १९०२ साली निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, त्याच करवीरात आज मुलं नमुना चुकला म्हणून खुल्या प्रवर्गात ढकलली जातात, हे बघवत नाही.

दाखला अडला तर चिरीमिरीचा विचार करू नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. त्यासाठी अर्जाची पोचपावती लागते, आणि नेमकी तीच बरेच जण सेवा केंद्राच्या टेबलावर विसरून येतात.