एका परातीतलं पाणी

औसा तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या पारावर, सात शेतकरी एका परातीभोवती बसले होते. मी बाजूला वही घेऊन. परातीत तुरीचे ७० दाणे, आणि आत किती उरलं ते दिसू नये म्हणून वरून टॉवेल झाकलेला. नियम दोनच. ज्वारी केली तर एक दाणा उचलायचा, ऊस केला तर सहा. पैसे अर्थातच उसाला जास्त. वर्ष संपलं की पाऊस म्हणून १४ दाणे परत परातीत. पहिल्या वर्षी दोघांनी ऊस केला, दुसऱ्या वर्षी चौघांनी, तिसऱ्या वर्षी सातही जणांनी. चौथ्या वर्षी पाचव्या गड्याने टॉवेलखाली हात घातला, तर हाताला दोनच दाणे लागले. पारावर क्षणभर कोणी बोललं नाही.

मोबाइलवर अनेकांनी मिळून खेळायचा, भूजलाबद्दलचा एक खेळ मला रचायचा आहे. तो मुलांसाठी नाही. ज्यांच्या नावावर सातबारा आहे, त्यांच्यासाठी आहे. परात ही त्याची पहिली कच्ची आवृत्ती.

मोठ्यांना खेळातून शिकवणं आपल्याकडे नवं नाही. सापशिडीचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते, आणि ज्ञानेश्वरांचं आपेगाव आपल्याच पैठणजवळ आहे. सद्गुणाने वर चढायचं, दुर्गुणाने खाली घसरायचं, ही शिकवण त्या पटातच विणलेली आहे. मध्ये थांबवून कोणी प्रश्न विचारत नाही. आजचे बहुतेक शैक्षणिक खेळ नेमके इथेच चुकतात. थोडं खेळा, मग चार पर्यायांतून उत्तर निवडा, बरोबर आलं की तारा मिळेल. चाळिशीच्या माणसाला तो तारा दोन दिवस पुरतो. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवलं होतं की कोडी सोडवण्याबद्दल पैसे दिलेले विद्यार्थी पैसे बंद झाल्यावर त्या कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावतात. बक्षिसाने आतली ओढच पातळ होते.

मोक्षपटात मात्र फाशावर आपला ताबा नसतो. मोठ्या माणसाला खेळात बांधून ठेवायचं तर निर्णय त्याचा हवा, आणि त्या निर्णयाची झळ शेजाऱ्याला लागायला हवी. अनेकांनी मिळून खेळण्याला खरा अर्थ इथे येतो. नुसती गुणांची यादी लावून एकमेकांशी तुलना करणं म्हणजे एकेकट्याने खेळणंच.

मराठवाड्यात तर हा खेळ जमिनीखाली आधीपासून चालूच आहे. थोडा हिशेब मांडू. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर एकरी २८ लाख लिटर. यातलं बरंचसं उडून जातं, वाहून जातं. आपल्या काळ्या बेसाल्ट खडकात साधारण दहावा हिस्सा मुरतो असं धरलं, तर जमिनीखाली जमा झाले २ लाख ८० हजार लिटर. उसाला पूर्ण वाढीसाठी १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे एकरी ६० लाख ते एक कोटी लिटर. पावसाने थेट दिलेलं सगळं पाणी त्यातून वजा केलं, तरी उरलेली भर एका एकराखालच्या पाण्याने निघत नाही. ती शेजाऱ्यांच्या एकरांखालून येते, किंवा मागच्या वर्षांच्या साठ्यातून. हे आकडे मी पारावर सांगितले नाहीत. दाण्यांनी ते सांगितले होते.

प्रौढ खेळाडूंचा एक गुण रचनाकाराने कायम ध्यानात ठेवावा: चुकीचं चित्र ते लगेच ओळखतात. खेळ संपताच एक काका म्हणाले, "सगळ्यांचं पाणी एका परातीत असतंय का? माझ्या बोअरला दोन इंच पाणी, अन् शंभर फुटांवर भावाच्या बोअरमधून नुसता फफुटा उडाला." अगदी बरोबर. बेसाल्ट म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. पाणी साठतं ते त्यांच्या भेगांत, कुजलेल्या मुरमात आणि वायूचे बुडबुडे राहून गेलेल्या सच्छिद्र थरांत. त्याच्या मधला घट्ट खडक जवळजवळ कोरडाच. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत एका मोठ्या परातीऐवजी लहान लहान वाट्या आल्या: काही एकमेकींना झिरपणीने जोडलेल्या, काही अगदी सुट्या. कोणाची वाटी कोणाशी जोडलेली आहे, हे खेळाडूंनी खेळता खेळता शोधायचं. मला वाटतं या खेळातलं सर्वांत खरं शिक्षण याच शोधात आहे, आणि ते मला त्या काकांनी दिलं.

दुसरा आक्षेप त्याहून मोलाचा होता. "उसाला कारखाना आहे. तुरीचं पीक आलं की भाव कुठं जातो, ते घाला की खेळात." माणसं अडाणी आहेत म्हणून ऊस लावतात, हे गृहीत धरून रचलेला खेळ अपमान करतो, आणि अपमान करणारा खेळ कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही. बाजार घातला, लहरी पाऊसही घातला. दुष्काळाचं भीतीदायक चित्र मात्र मुद्दाम ठेवलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला आलेलं पाणी ज्यांनी पाहिलं, त्यांना कशाला हवं ते?

विहिरीची पातळी प्रत्येकाला फक्त स्वतःची दिसते. शेजाऱ्याची कळायची तर त्याला विचारावं लागतं, आणि त्याने खरं सांगितलं तरच उपयोग. म्हणून या खेळात गप्पांची जागा शोभेची नाही, तो मुख्य नियम आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक साधनं लोक कशी सांभाळतात यावरच्या कामासाठी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत असेच उपशाचे खेळ खेळवले होते. खेळाडूंना आपसांत नुसतं बोलू दिलं, शब्द मोडणाऱ्याला शिक्षा करायची सोय दिली नाही, तरी गटाची मिळकत बरीच वाढली. आंध्र प्रदेशात संशोधकांनी 'फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी' या संस्थेबरोबर गावोगावी भूजलाचा, कमी पाण्याचं की जास्त पाण्याचं पीक निवडायचा खेळ खेळवला. वर्षभराने पाहिलं तर खेळ झालेल्या गावांत पाण्याची नोंदवही आणि उपशाचे नियम जास्त आढळले.

सगळे मात्र एकाच कारणाने खेळत नाहीत. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये संगणकावर नुसत्या अक्षरांतून चालणारं, अनेकांनी एकाच वेळी वावरायचं खेळाचं जग तयार झालं. ते रचणाऱ्यांपैकी रिचर्ड बार्टल यांनी पुढे खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: मिळवणारे, धुंडाळणारे, गप्पांसाठी येणारे आणि दुसऱ्याला नमवायला येणारे. पारावर हे चारही होते. नमवणाऱ्याची मला धास्ती वाटायची. पण दुसऱ्या फेरीत त्यानेच आपल्याशी जोडलेल्या सगळ्या वाट्या रिकाम्या केल्या, आणि मग बाकीच्या सहांनी मिळून पहिला करार केला.

वेळेचा प्रश्न निराळाच. ज्याच्या शेताला रात्रीची वीज आहे, त्याला तासभर एका जागी बसून खेळ म्हणणं शक्य नाही. म्हणून दिवसाला एकच निर्णय, दहा मिनिटांत होणारा. नेटवर्क आलं की आपोआप पुढे जाणारा.

आणि एक जोड मला फार हवी आहे. प्रथिनाचा रेणू कसा घडी घालून बसतो हे शोधण्याचा 'फोल्डइट' हा खेळ २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून सुरू झाला. माकडांमधल्या एड्ससारख्या रोगाच्या विषाणूतलं एक प्रथिन शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ अडून बसलं होतं. खेळाडूंनी त्याच्या रचनेचा पत्ता तीन आठवड्यांत लावला, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काम खरं आहे म्हटलं की मोठी माणसं टिकून खेळतात. आपल्या खेळात खेळाडूने महिन्यातून एकदा दोरीला दगड बांधून स्वतःच्या खऱ्या विहिरीची पातळी मोजावी आणि आकडा भरावा. जितके आकडे जमतील, तितकं खेळातलं शिवार खऱ्या शिवारासारखं होत जाईल.

एका नियमावर पारावर अजून एकमत नाही: वाटी कोरडी पडली की खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करू द्यायचा का? तरुण म्हणतात, द्यायचा. काका म्हणतात, बोअर आटलं तर दुसरं कर्ज काढून नवं घ्यायचं, जुनं पाणी परत येत नाही, खेळातही तसंच असू द्या. पुढच्या फेरीत आम्ही काकांचा नियम लावून बघणार आहोत.