४८-अ हा हक्क नाही हो!

५ जून आला की वृक्षारोपणाच्या बॅनरवर ओळ ठरलेली: ‘स्वच्छ पर्यावरण हा घटनेने दिलेला हक्क, कलम ४८-अ’. परवा एक शेजारी ओढ्यात सोडलेल्या सांडपाण्याबद्दलचा अर्ज तपासायला घेऊन आले. पहिलंच वाक्य, ‘४८-अ अन्वये माझ्या हक्काचा भंग झाला आहे.’ पेन घेतलं आणि खोडलं.

मूलभूत हक्क म्हणजे काय, हे नागरिकशास्त्रात सगळ्यांनी घोकलंय. त्यात शिरत नाही. घोळ होतो तो ४८-अ मुळे. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने आलेलं हे कलम चौथ्या भागात, मार्गदर्शक तत्त्वांत बसतं. त्याचा कर्ता बघा: राज्य. राज्याने पर्यावरण, वनं आणि वन्यजीव यांच्या रक्षणासाठी प्रयत्न करावा. नुसता प्रयत्न! आणि ही तत्त्वं कोर्टाकडून अमलात आणून घेता येत नाहीत, असं ३७वं कलम सरळच सांगतं. सरकार हातावर हात ठेवून बसलं, तरी एकट्या ४८-अ च्या जोरावर तुम्हाला कोर्टात उभं राहता येत नाही. (त्याच दुरुस्तीतलं ५१-अ तर उलट आपल्याच गळ्यात कर्तव्य घालतं.)

हक्क आहे तो २१व्या कलमात, आणि तिथे ‘पर्यावरण’ हा शब्द शोधूनही सापडायचा नाही. या कलमातल्या जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ‘सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य’ खटल्यात म्हटलं. गंमत अशी, की ती याचिका फेटाळली गेली. बोकारो नदीच्या प्रदूषणाच्या नावाखाली याचिकाकर्त्याचा खासगी स्वार्थ आहे, असं न्यायालयाला दिसलं. याचिका गेली, वाक्य मात्र आजही प्रत्येक वकिलाच्या तोंडी आहे. हक्क २१ चा म्हणून तर कलम ३२ खाली थेट दिल्ली गाठता येते, किंवा २२६ खाली उच्च न्यायालय.

मग ४८-अ शोभेचं? मुळीच नाही. २१ चा अर्थ लावताना न्यायाधीश त्याचाच आधार घेतात. माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाबद्दलच्या २०२४ मधल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क कलम १४ (समानता) आणि २१ मधून काढला, तेव्हाही ४८-अ सोबतीला होतंच. सोबतीला, पुढे नव्हे.

अर्जात मी २१ वर घेतलं, ४८-अ खाली ढकललं. मग विचारलं, “पाण्याचा नमुना घेतलात का?”

“आधी कलम पक्कं होऊ दे म्हटलं,” शेजारी म्हणाले.